वय झालं, की गाडी जुळेना?

26 मे 2012, शनिवार. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर फॉर्म्युला वनचं क्वालिफायिंग (रविवारच्या रेसमध्ये कोण कुठल्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या शनिवारच्या वेगवान फेऱ्या, म्हणजे लॅप) संपलं तेव्हा सगळ्यांत वर नाव होतं मायकेल शूमाकरचं. वेळ 1 मिनिट 14.301 सेकंद, मार्क वेबरपेक्षा 0.08 सेकंदानं कमी. मोनॅकोत दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे असतात. वळण दिसल्यावर विचार करायला तिथे सवडच नसते, हात आधीच वळलेले असावे लागतात. शूमाकर तेव्हा 43 वर्षांचा होता. आधीच्या रेसमध्ये ब्रुनो सेनाला धडकल्याबद्दल पाच जागा मागे जाण्याची शिक्षा होती, म्हणून रविवारी त्याला सहाव्या जागेवरून सुटावं लागलं. पण त्या लॅपचा वेग काही शिक्षेनं पुसला जात नाही.

तरी त्या मोसमाचा हिशेब बघा: निको रॉसबर्ग 93 गुण, शूमाकर 49. गाडी एकच, मर्सिडीज. ‘म्हातारा झाला’ म्हणायला एवढं पुरलं. पण चीनमध्ये तो रॉसबर्गच्या मागे दुसरा धावत होता, आणि पिट स्टॉपमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबल्यावर, चाक नीट बसलं नाही म्हणून बाहेर पडला. तो भोपळा वयाच्या खात्यावर कसा टाकायचा?

‘संपला आता’ हे आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना म्हणतो. एक म्हणजे वयानं ड्रायव्हरचा स्वतःचा वेग जाणं. दुसरी म्हणजे गाडी, टायर किंवा नियम बदलल्यावर त्याची चालवण्याची पद्धत त्यांच्याशी न जुळणं. त्यात गाडीच मुळात मंद असेल तर विचारायलाच नको. गुणतक्त्यात हे सगळं एकसारखंच दिसतं.

वेगळं ओळखायचं तर आधी टीममेटकडे, म्हणजे तीच गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे बघावं. फर्नांडो अलोन्सो 2023 मध्ये अ‍ॅस्टन मार्टिनकडून आठ वेळा पोडियमवर चढला, म्हणजे पहिल्या तिघांत आला. 206 गुण, चौथा क्रमांक. त्याच मोसमात त्यानं वयाची 42 वर्षं पूर्ण केली. पुढच्या वर्षी पोडियम शून्य, गुण 70. नुसतं एवढंच वाचलं तर वाटेल, एका हिवाळ्यात माणूस खचला. आता त्याचा टीममेट लान्स स्ट्रोलचे आकडे शेजारी ठेवा: 2023 मध्ये 74, 2024 मध्ये 24. दोन्ही वर्षी अलोन्सो आपल्याहून सतरा वर्षांनी लहान टीममेटच्या जवळपास तिप्पट. मागे पडली ती गाडी.

दुसरी खूण म्हणजे शनिवार आणि रविवार वेगवेगळे वाचणं. निकी लाउडा आणि अ‍ॅलन प्रोस्त 1984 मध्ये मॅक्लारेनमध्ये एकत्र होते. लाउडा 35 वर्षांचा, प्रोस्त 29 चा. क्वालिफायिंगमध्ये प्रोस्त जवळजवळ नेहमीच पुढे. लाउडाला वर्षभरात एकही पोल (सुटताना पहिली जागा) नाही. प्रोस्तनं सात रेस जिंकल्या, लाउडानं पाच. आणि विजेतेपद? लाउडा 72, प्रोस्त 71.5. एस्तोरिलच्या शेवटच्या रेसमध्ये लाउडा अकरावा सुटून दुसरा आला आणि अर्ध्या गुणानं जगज्जेता झाला. एका लॅपमधला सेकंदाचा तो अगदी शेवटचा दशांश तरुण पोराकडे होता. टायर कधी जपायचे, कुठे थांबायचं, कुणाला कधी गाठायचं, हे लाउडाकडे होतं. वय पहिल्यांदा चावतं ते या शनिवारच्या लॅपमध्ये, असं मला वाटतं.

हुआन मॅन्युएल फांजिओ 46 व्या वर्षी, 1957 मध्ये, पाचव्यांदा जगज्जेता झाला, म्हणून वयाला अर्थ नाही, असंही मी म्हणणार नाही. चाळिशीतले सगळेच ड्रायव्हर आपल्याला दिसत नाहीत. जे मंदावले त्यांची सीट आधीच गेलेली असते. उरतात ते अपवाद. अपवादांवरून नियम काढला तर फसगत होणारच.

खरा पेच आहे लुईस हॅमिल्टनचा. 2023 मध्ये मर्सिडीजमध्ये 38 वर्षांचा हॅमिल्टन 234 गुणांवर, आणि तेरा वर्षांनी लहान टीममेट जॉर्ज रसेल 175 वर. 2024 मध्ये सिल्व्हरस्टोनला त्यानं रेस जिंकली, पण त्याच वर्षी शनिवारी रसेल त्याला सातत्यानं मागे टाकत होता. लाउडाची गोष्ट आठवली की हे वयाचं लक्षण वाटतं. मग 2025 मध्ये तो फेरारीत गेला आणि चीनमध्ये चाळिसाव्या वर्षी त्यानं स्प्रिंटची, म्हणजे शनिवारच्या छोट्या रेसची पोल घेतली, स्प्रिंट जिंकलीही. वेग पार गेलेला असता तर ती पोल आली नसती. पण मोसमाअखेर टीममेट शार्ल लक्लेर 242, हॅमिल्टन 156, आणि ग्रां प्रीत, म्हणजे रविवारच्या मुख्य रेसमध्ये, त्याला एकही पोडियम नाही.

इथे मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. उशिरा, जोरात ब्रेक मारून गाडी वळणात घालायची, हे हॅमिल्टनच्या पायात वर्षानुवर्षं मुरलेलं. 2022 ते 2025 च्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या ताठ गाड्यांना ते मानवत नव्हतं. गाडी जुळत नव्हती हे खरंच. पण वीस वर्षांच्या पोराला जुनी सवय मोडावी लागत नाही, त्याची पहिली सवयच नव्या गाडीवर लागते. मुरलेल्या पायाला आधी विसरावं लागतं आणि मग शिकावं लागतं, तेही ताशी 300 किलोमीटरवरून ब्रेक मारताना, दर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला नव्या ट्रॅकवर.