फायरवर्क्स गेलं, पीएनजी राहिल्या

नाशिकच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराचा वीस वर्षांपूर्वीचा लोगो शोधायला घेतला, तर जुन्या सीडीवर बऱ्याचदा एक पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, निघते. उघडली की साधं चित्र. तिच्या पोटात लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), अक्षरं, सावल्या असं सगळं शाबूत असू शकतं, पण ते वाचणारं फायरवर्क्स आता हाताशी नसतं.

मॅक्रोमीडियाने हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये आणलं, तेही वेबपानांची चित्रं करण्यासाठीच. वेक्टर (रेषा-आकारांची) आणि बिटमॅप (ठिपक्यांची, फोटोसारखी) चित्रं एकाच कॅनव्हासवर हाताळता येत. डिझाइनचे स्लाइस, म्हणजे तुकडे, पाडायचे आणि प्रत्येकाला वेगळा फाइल-प्रकार द्यायचा: फोटोचा तुकडा जेपीईजी, बटणाचा जीआयएफ. एक्स्पोर्ट करण्याआधी चार चौकटींत शेजारीशेजारी दर्जा, किलोबाइट आणि डाउनलोडला लागणारे सेकंद दिसत. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर सगळं सुरळीत असलं तरी सेकंदाला जेमतेम सात किलोबाइट उतरायचे, तेव्हा त्या आकड्यांवर फार लक्ष असे.

मराठी साइटींना तर त्याचा वेगळाच आधार होता. विंडोज ९८ वर युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचता येणाऱ्या) देवनागरीचा भरवसा नव्हता. श्रीलिपीसारखा फॉन्ट वाचणाऱ्याकडे नसला की पानावर रोमन अक्षरांची खिचडी. मग ‘संपर्क’मधला रफार जागेवर दिसावा म्हणून त्या एका शब्दाची जीआयएफ करायची. कॉलेज रोडवरच्या आम्हा डिझायनरांचे दिवसच्या दिवस अशा बटणांत गेले. सर्च इंजिनला त्यातलं एक अक्षर वाचता येत नसे, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या गावीही नव्हती!

डिसेंबर २००५ मध्ये अडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. वेबच्या चित्रांसाठीचं स्वतःचं इमेजरेडी बंद करून फायरवर्क्स ठेवलं, पण घरात फोटोशॉप असताना त्याचे लाड कोण करणार? २०१२ ची सीएस६ ही शेवटची आवृत्ती ठरली. मे २०१३ मध्ये नवं काही येणार नाही, असं कंपनीने सांगून टाकलं. पुढे लोकप्रिय झालेलं स्केच हे डिझाइन सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चाले, त्यामुळे विंडोजवाले सीएस६ लाच चिकटून राहिले. २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं फिग्मा हे डिझाइन सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालू लागलं, तेव्हा कुठे सुटका. त्याच फिग्मासाठी अडोबीने २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर देऊ केले. नियामकांच्या आक्षेपांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला.

जुनी पीएनजी सापडलीच, तर आधी तिची प्रत काढा. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून तिच्यावरच सेव्ह केलं, तर लेयर पुसले जातात आणि चित्र तेवढं उरतं.