फाल्गुनातलं फुलपाखरू पुस्तकातल्यासारखं का दिसत नाही

वसंत आला की फुलपाखरं येतात, हे चित्र आपल्या मनात बहुधा थंड देशांतल्या गोष्टींमधून आलं आहे. तिथे बर्फ वितळतो, गवत वर येतं आणि फुलपाखरांचा हंगाम सुरू होतो. पुण्यात हा हंगाम पावसाशी बांधलेला आहे. जूनच्या सरींनंतर गवत, वेली, रानझुडपं फुटतात, अळ्यांना कोवळा पाला मिळतो आणि भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाचा पायथा सगळीकडे फुलपाखरांची लगबग असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच टेकड्या पिवळ्या पडतात. काटेसावर आणि पळस फुललेले असतात, गिरिपुष्पाच्या काड्यांवर गुलाबी घोस येतात, पण जमिनीलगत हिरवं असं फारसं उरत नाही.

तरीही फुलपाखरं ओळखायला शिकायचं असेल तर मला हाच काळ सर्वांत चांगला वाटतो. जाती मोजक्या असतात, पानगळ झाल्यामुळे नजर लांबवर जाते, आणि नवशिक्याला एक चांगलं कोडं पडतं. फोटो मिळतो, तो पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिला जातो आणि जुळतच नाही. काहीतरी दुर्मीळ सापडलं असं वाटू लागतं. बहुतेक वेळा ते अगदी नेहमीचंच फुलपाखरू असतं. ते फक्त कोरड्या ऋतूच्या रूपात असतं.

कॉमन इव्हनिंग ब्राऊन घ्या. तिन्हीसांजेला बांबूखाली किंवा वाळलेल्या पाचोळ्यातून पायाजवळूनच भुर्रकन उठतं, चार हातांवर जाऊन पुन्हा बसतं आणि बसल्या क्षणी दिसेनासं होतं, ते हे. पावसाळ्यात याच्या मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारख्या वर्तुळांची ठळक रांग असते. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत जी पिढी असते तिच्या पंखांवर ही वर्तुळं जवळजवळ पुसलेली असतात. पंखांची टोकं जास्त अणकुचीदार होतात आणि रंग वाळक्या पानाचा होतो. त्यातही एक फिकट, एक करडं, एक तांबूस, एकावर काळपट डाग. दोन फुलपाखरं सारखी मिळणं कठीण. पाचोळ्यातली दोन पानं तरी कुठे सारखी असतात? म्हणूनच पक्ष्याला एका रंगाची खूणगाठ बांधून शोध घेता येत नाही. बसल्यावर हे फुलपाखरू एका बाजूला कलतंही, त्यामुळे सावली कमी पडते.

पीकॉक पॅन्सीचं तर आणखी मजेदार आहे. पाषाण तलावाच्या काठाला किंवा नदीलगतच्या ओलसर जागी दिसणारं हे केशरी फुलपाखरू. पंख उघडले की मोरपिसाच्या डोळ्यांसारखी मोठी वर्तुळं दोन्ही ऋतूंत दिसतात. फरक आहे तो मिटलेल्या पंखांचा. पावसाळी रूपात तिथेही वर्तुळं असतात. कोरड्या ऋतूत खालची बाजू साधी तपकिरी होते, मधून पानाच्या शिरेसारखी एक रेघ जाते आणि मागच्या पंखाला देठासारखं टोक येतं. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये या दोन रूपांना दोन वेगवेगळ्या जाती समजून दोन नावं दिली होती. अशा नोंदींचा गुंता सुटायला शंभराहून अधिक वर्षं गेली. 1880च्या दशकात कोलकात्यात लायनेल द निसेविल याने तपकिरी फुलपाखरांच्या काही जाती अंड्यापासून वाढवून पाहिल्या आणि एका रूपाच्या मादीच्या अंड्यांतून दुसऱ्या रूपाची पिल्लावळ निघू शकते हे दाखवून दिलं.

मग अळीला कसं कळतं की पुढे कोणता ऋतू आहे? या प्रश्नावर सर्वांत जास्त काम झालं ते आफ्रिकेतल्या एका लहानशा तपकिरी फुलपाखरावर. आपल्याकडच्या बुशब्राऊन फुलपाखरांचं ते जवळचं नातेवाईक. त्याच्या अळ्या प्रयोगशाळेत 27 अंश सेल्सिअसला वाढवल्या तर डोळेवाली पावसाळी फुलपाखरं निघतात. 17 अंशांना वाढवल्या तर डोळे आक्रसलेली कोरड्या ऋतूची निघतात. अळीच्या शेवटच्या दिवसांतलं तापमान संप्रेरकांवर परिणाम करतं आणि कोशात पंख घडताना वर्तुळ मोठं होणार की बारीक हे ठरतं. म्हणजे जनुकं तीच, पण त्यांतून पंख कसा घडेल हे हवा ठरवते. पुण्यातही पावसानंतर हवा गार होत जाते आणि पाठोपाठ सगळं वाळतं. त्यामुळे गारवा ही पुढच्या कोरड्या महिन्यांची विश्वासार्ह खूण ठरते.

दोन रूपांचा फायदाही दोन प्रकारचा आहे. पावसाळ्यात गवत दाट, फुलपाखरू सतत हालतं, अंडी घालायची घाई. तेव्हा पंखाच्या कडेचे डोळे भक्षकाचं लक्ष शरीरापासून दूर खेचतात. चोच बसते ती पंखाच्या काठावर, तुकडा जातो आणि जीव वाचतो. फाटक्या पंखांची फुलपाखरं दिसतात त्यांतल्या कित्येकांची ही कहाणी असते. कोरड्या ऋतूत अळ्यांना खायला गवतच नाही, म्हणून अंडी घालून उपयोग नाही. अशा वेळी पुष्कळ जाती प्रजनन लांबणीवर टाकतात आणि पाऊस येईपर्यंत टिकून राहतात. महिनोन्‌महिने पाचोळ्यात बसून काढायचे असतील तर पंखावरचा चमकता डोळा म्हणजे शत्रूला आमंत्रणच.

याच कारणाने टेकड्यांवरचे वणवे मला अस्वस्थ करतात. फेब्रुवारीपासून वाळलेलं गवत पेटू लागतं. ‘गवत काय, पावसात पुन्हा येईल’ असं सहज म्हटलं जातं. गवत येईल. पण त्या गवतात आणि पाचोळ्यात जूनची वाट पाहत बसलेली पिढी जळून गेली तर अंडी कोण घालणार? सोसायट्यांमध्ये पानं झाडून पेटवून दिली जातात, तिथेही हेच होतं. कुंपणाशी एखादा कोपरा पाचोळ्यासाठी सोडणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

आता फुलपाखरं शोधायची कुठे? फुलांकडे तर पाहायचंच. एकदांडी आणि घाणेरी या काळातही मध पुरवतात. पण मी झाडांची पानं आधी पाहा असं सांगेन. बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत अतिशय हट्टी असतात. मादी योग्य वनस्पतीवरच अंडी घालते, त्यामुळे वनस्पती ओळखता आली की फुलपाखराची निम्मी ओळख पटते.

टेकडीवर वाघाटीची काटेरी वेल असते. तिची फळं आषाढी द्वादशीला भाजीसाठी मंडईत येतात, ती तीच. वाघाटी आणि तिची भावंडं ही पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अनेक जातींची खाद्यवनस्पती आहे. पांढऱ्या पंखांवर काळ्या शिरा असलेलं पायोनियर, पुढच्या पंखाच्या टोकाला नारिंगी पट्टा मिरवणारं व्हाइट ऑरेंज टिप ही या वेलीभोवती सापडतात. उडताना फक्त पांढरा ठिपका दिसतो, म्हणून बसण्याची वाट पाहावी लागते. कोरड्या ऋतूत ऑरेंज टिपच्या पंखांची खालची बाजू जास्त डागाळलेली, मातकट असते.

रस्त्यावरच्या जुन्या आंब्यांवर बांडगुळं वाढतात. त्यांच्याकडे मान वर करून पाहायला शिका. बांडगुळावर हळदीकुंकू अर्थात कॉमन जेझबेलच्या अळ्या थव्याने राहतात. हे फुलपाखरू पंखांच्या वरच्या बाजूने पांढरं-काळं असतं आणि झगझगीत पिवळा रंग व काठचे लाल ठिपके खालच्या बाजूला असतात. ते विषारी असतं आणि बसल्यावर पंख मिटतं. म्हणून ‘मला खाऊ नका’ ही पाटी त्याला खालच्याच बाजूला हवी. भर शहरात, गाड्यांच्या वर पाच-सात मीटरवरून ते संथपणे तरंगत जाताना दिसतं आणि वर कुणी पाहत नाही.

करंज मार्चच्या सुमारास जुनी पानं टाकून नवी लकाकती पालवी घेतो. कोवळ्या पानांत नत्र जास्त आणि चिवट तंतू कमी, म्हणून पालवीवर लगेच अळ्या येतात. त्यांत कॉमन बँडेड ऑलच्या अळ्या असतात, फिकट निळ्या कॉमन सेरुलियनच्या असतात. बाल्कनीतली पानफुटी हे रेड पिएरोचं घर. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. पान पांढुरकं आणि पोकळ दिसलं तर रोग समजून कुंडी टाकून देऊ नका. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं, मागच्या पंखावर केशरी डाग असलेलं फुलपाखरू थोड्याच दिवसांत तिथे बसलेलं दिसेल.

रुईच्या आसपास प्लेन टायगर हमखास असतं. केशरी पंख, टोकाला काळा भाग आणि त्यात पांढरा पट्टा. रुईच्या चिकातली विषं अळीच्या शरीरात साठतात आणि फुलपाखरातही उतरतात, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. याचा फायदा डॅनेड एगफ्लायची मादी उठवते. तिच्या अंगात विष नाही, तिची अळी घोळीच्या पानांवर वाढते, पण तिचे रंग हुबेहूब प्लेन टायगरसारखे. ओळखायचं मागच्या पंखावरून. त्याच्या मध्यावर प्लेन टायगर मादीला तीन आणि नराला चार काळे ठिपके असतात. एगफ्लायला एकच. केशरी पंखांवर जाड काळ्या शिरा असतील तर ते स्ट्राइप्ड टायगर. पंख अरुंद, अंगभर बारीक काळे ठिपके आणि उडणं अगदी रमतगमत असेल, तर कृष्णकमळाच्या वेलीवर वाढणारं टॉनी कोस्टर.

फोटो काढताना मिटलेल्या पंखांचा, म्हणजे खालच्या बाजूचा फोटो आधी घ्यावा असा माझा आग्रह असतो. सगळे उघडे पंख सुंदर दिसावेत म्हणून थांबतात आणि ओळखीची खरी खूण निसटते. छोट्या निळ्या फुलपाखरांच्या बाबतीत तर खालच्या ठिपक्यांशिवाय काहीच ठरत नाही. पायही मोजा. टायगर, पॅन्सी, इव्हनिंग ब्राऊन या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखडून छातीशी घेतलेले असतात आणि चारच पाय दिसतात. पांढरी-पिवळी आणि शेपटीवाली फुलपाखरं सहा पायांवर उभी राहतात. सोबत तारीख आणि जवळची वनस्पती लिहून ठेवली तर तीच नोंद पुढे उपयोगी पडते. पावसाळी रूप आणि कोरडं रूप यांच्यात बदल नेमका कधी होतो, हे अशा तारखांवरूनच समजतं.

वेळ सकाळची, साधारण साडेआठ ते अकरा. फुलपाखराचं शरीर स्वतःहून फारसं तापत नाही, उडण्यासाठी ते उन्हावर अवलंबून असतं. फेब्रुवारीतल्या पुण्याच्या पहाटे पारा 12-13 अंशांपर्यंत उतरलेला असतो. उन्हं आली की पॅन्सी पायवाटेवर पंख पसरून शेकत बसते आणि तेव्हा जवळ जाता येतं, फक्त आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही. मार्चच्या दुपारी पारा 35 च्या पुढे जातो, तेव्हा सगळी सावलीत शिरतात. ओढ्याच्या उरल्यासुरल्या ओलीवर मात्र तेव्हाही नर दाटीने बसून क्षार शोषताना सापडतात.

टेकडीवर जाणं होत नसेल तर कढीपत्त्याची कुंडी पाहा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काळं-पांढरं काही दिसलं आणि ते हललं, तर ती लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉनची लहान अळी आहे. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून उग्र वासाचं दुहेरी शिंग बाहेर काढते. मॉरमॉन निघालं आणि मादी असली तर आणखी एक पेच आहे. ती नरासारखी दिसेल, किंवा कॉमन रोझ अथवा क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांसारखी. एकाच जातीत माद्यांची तीन रूपं. इथे मात्र ऋतूचा संबंध नाही. ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर हे ठरतं, असं कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं. कुंडीतली मादी त्यांपैकी कोणती, हे कोशावरून सांगता येत नाही. त्यासाठी तो फुटेपर्यंत कढीपत्त्याची ती फांदी तोडायची नाही, एवढंच.