खलनायकाच्या नजरेतून : हिलरी मँटेल यांची वाटचाल

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्यावरच्या 'वुल्फ हॉल' या कादंबरीला २००९ मध्ये बुकर मिळालं, तेव्हा इंग्रजी लेखिका हिलरी मँटेल सत्तावन्न वर्षांच्या होत्या. पहिली ऐतिहासिक कादंबरी मात्र त्यांनी १९७४ मध्येच लिहायला घेतली होती. मधल्या पस्तीस वर्षांत काय घडलं, ते समजल्याशिवाय क्रॉमवेल पूर्ण कळत नाही, असं मला वाटतं.

जन्म ६ जुलै १९५२ चा, डर्बीशरमधल्या ग्लॉसपचा. बालपण जवळच्याच हॅडफिल्ड या गिरणीगावात, आयरिश वळणाच्या कॅथलिक घरात गेलं. आईचा प्रियकर जॅक मँटेल त्याच घरात राहायला आला आणि वडीलही काही वर्षं तिथेच राहत होते. पुढे आई मुलांना घेऊन जॅकबरोबर दुसरीकडे गेली. अकरा वर्षांच्या हिलरीला वडील पुन्हा कधी दिसले नाहीत. आडनावही जॅकचं लागलं.

कायद्याचं शिक्षण लंडन आणि शेफील्डमध्ये झालं. त्याच काळात पोटात असह्य दुखू लागलं. डॉक्टरांनी ते मनाचं दुखणं ठरवून मानसिक आजाराची औषधं दिली. भूशास्त्रज्ञ पती जेराल्ड मॅक्युइन यांच्यासोबत बोट्सवानात असताना मँटेल यांनी वैद्यकाचं पुस्तक वाचून स्वतःच निदान केलं : एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. सत्ताविसाव्या वर्षी गर्भाशय आणि अंडाशय काढावे लागले. बाईचं दुखणं बाईलाच पुस्तकात शोधावं लागलं, हे वाचताना आजही संताप येतो.

फ्रेंच राज्यक्रांतीवरची ती पहिली कादंबरी याच वर्षांत लिहून झाली. इतिहासकार व्हायची संधी हुकली म्हणून आपण कादंबरीकार झालो, असं त्या सांगत. दाँताँ, रोबेस्पिएर आणि कामी देमुलाँ या क्रांतीच्या तीन नेत्यांभोवतीचं ते प्रचंड हस्तलिखित १९७९ मध्ये तयार होतं, पण प्रकाशक मिळेना. मग त्यांनी समकालीन विषयावरची छोटी कादंबरी लिहिली. १९८५ मध्ये ती छापली गेली आणि नाव झालं. सौदी अरेबियात जेद्दाला काढलेली वर्षं दुसऱ्या एका कादंबरीत उतरली. क्रांतीची कादंबरी 'अ प्लेस ऑफ ग्रेटर सेफ्टी' या नावाने बाहेर यायला १९९२ उजाडलं.

आता क्रॉमवेल. लंडनजवळच्या पटनीच्या लोहाराचा हा मुलगा आठव्या हेन्रीचा उजवा हात झाला, मठ बरखास्त केले, आणि २८ जुलै १५४० रोजी त्याचाच शिरच्छेद झाला. इंग्रजी नाटकांत तो बहुधा खलनायक, त्याच्यासमोर हेन्रीला विरोध करून प्राण गमावलेला मंत्री थॉमस मोर संत. मँटेल यांनी बाजू उलटवली. त्यांना जागाही कागदपत्रांनीच करून दिली. क्रॉमवेलला अटक झाल्यावर त्याचे कागद जप्त झाले, म्हणून त्याला आलेली पत्रं ढिगाने उरली आहेत. त्याने लिहिलेली मात्र फार थोडी. सगळं जग त्याच्याशी बोलतंय आणि तो गप्प! ही पोकळी मँटेल यांनी भरली, पण मनाला येईल तशी नाही. कोणत्या तारखेला कोण कुठे होतं याची टिपणं त्या ठेवत. कथेच्या सोयीसाठी नोंदलेली घटना हलवायची नाही, हा त्यांचा दंडक होता. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीचा नायक बहुतेकदा आधीच पूजेला बसवलेला असतो, त्यामुळे हा दंडक मला फार मोलाचा वाटतो.

निवेदन वर्तमानकाळात आहे. क्रॉमवेलला उद्या काय होणार ते ठाऊक नाही, आणि वाचकही ते विसरतो. २०१२ मध्ये 'ब्रिंग अप द बॉडीज' या क्रॉमवेलकथेच्या दुसऱ्या भागाला दुसरं बुकर मिळालं. दोनदा बुकर मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका. तिसऱ्या भागाला आणखी आठ वर्षं लागली. 'द मिरर अँड द लाइट' २०२० मध्ये आली. २२ सप्टेंबर २०२२ रोजी एक्सेटर इथे मँटेल गेल्या.

ही कादंबरीत्रयी सुरू होते तेव्हा बापाच्या लाथा खाऊन एक पोरगा फरसबंदीवर पडलेला असतो. ती संपते वधस्तंभाशी, आणि तिथेही आपण त्याच पोराच्या डोळ्यांनी पाहत असतो.