जिराफ पाळण्याचा परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

जिराफ खासगीरीत्या पाळता येतो का, याचे उत्तर देशागणिक आणि काही देशांत राज्यागणिकही बदलते. काही ठिकाणी वन्यप्राणी बाळगण्यास सरसकट मनाई आहे, तर काही ठिकाणी परवान्याची वाट ठेवलेली आहे. अमेरिकेत टेक्सासमधील काही खासगी कुरणांवर जिराफ आहेत. मात्र वाट असली, तरी परवाना देणारी यंत्रणा अर्जदाराच्या हौसेपेक्षा त्याची जागा आणि व्यवस्था तपासते. म्हणून आधी जागा, मग परवाना आणि सर्वांत शेवटी प्राणी, हाच क्रम शहाणपणाचा ठरतो.

ब्रिटनचा 1976 चा धोकादायक वन्यप्राणी कायदा या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. तेथे अर्जदाराचे वय किमान 18 वर्षे असावे लागते आणि अर्ज स्थानिक प्रशासनाकडे करावा लागतो. प्राण्याची जात, संख्या आणि ठेवण्याची जागा अर्जात नमूद करावी लागते, त्यानंतर पशुवैद्यक प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल देतो. त्रयस्थ व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा विमाही बंधनकारक आहे. वर्षातून सातपेक्षा अधिक दिवस लोकांना प्राणी पाहू दिला, तर प्रकरण प्राणिसंग्रहालयाच्या कायद्याखाली जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

अर्जाचा खरा कस पाहणीच्या वेळी लागतो. जन्मतःच पिल्लू सुमारे 1.8 मीटर उंच, म्हणजे बहुतेक माणसांपेक्षा उंच असते, आणि पूर्ण वाढलेला नर साडेपाच मीटरपर्यंत जातो. त्यामुळे निवाऱ्याचे छत आणि दरवाजे पिल्लाच्या मापाने बांधणाऱ्याला काही वर्षांतच ते पाडावे लागतील. थंड हवामानात ऊबदार निवारा हवा, आणि निसरड्या जमिनीवर घसरून पाय फाकले की प्राण्याला उठणे अवघड जाते, म्हणून फरशीचाही विचार करावा लागतो. जिराफ कळपात राहणारा असल्याने एकटाच आणण्याचा बेत प्राण्याच्या हिताचा नसतो. त्याची लाथ सिंहालाही जीवघेणी ठरू शकते, तेव्हा त्याला हाताळणारी माणसे प्रशिक्षित असावी लागतात. मानेच्या उंचीपर्यंत रक्त चढवण्यासाठी त्याचा रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यामुळे त्याला भूल देणे फार जोखमीचे असते आणि मोठ्या वन्यप्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाचे लेखी संमतिपत्र अर्जाला जोडणे हिताचे ठरते.

प्राणी परदेशातून आणायचा असेल, तर कागदपत्रांचा आणखी एक संच लागतो. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात जिराफाचा समावेश 2019 मध्ये झाला. त्यानुसार निर्यातदार देशाचा परवाना आवश्यक असतो. या निर्यातीने जातीच्या अस्तित्वाला धोका नाही आणि प्राणी कायदेशीर मार्गाने मिळवलेला आहे, अशी खातरी झाल्यावरच तो दिला जातो, आणि त्याची मुदत सहा महिन्यांची असते. बंदिस्त अवस्थेत जन्मलेल्या प्राण्यासाठी तसा दाखला घेता येतो. आयात करणारा देश याहून कडक नियम लावू शकतो, म्हणून तेथील आयात परवान्याची चौकशी आधीच करावी. जिराफ हा खूर दुभंगलेला रवंथ करणारा प्राणी असून त्याला लाळ्या-खुरकूत होऊ शकतो, त्यामुळे आरोग्याचा दाखला आणि विलगीकरण यांवर पशुसंवर्धन खात्याचा विशेष कटाक्ष असतो.

परवान्यात प्राण्यांची संख्या निश्चित केलेली असल्यास पिल्लू जन्मल्यावर ती ओलांडली जाते, म्हणून मादी गाभण असल्याचे कळताच दुरुस्तीचा अर्ज करावा. गर्भकाळ सुमारे 15 महिन्यांचा असल्याने त्यासाठी वेळ पुरतो.