दुभत्यावर उभे राहिलेले घर आणि त्यातली आई : मराठवाड्यातील पार्श्वभूमी

दुभत्या जनावरांवर संसार उभा करणारी, सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आई मराठवाड्यातल्या एखाद्या गावात वारते, तेव्हा तिच्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण कागदावर जवळजवळ काहीच नसते. सातबाऱ्यावर पतीचे किंवा मुलाचे नाव असते, दूध संस्थेच्या सभासद वहीत बहुधा तेच असते आणि शिरगणतीला आलेल्या माणसाला घरच्यांनी तिचा व्यवसाय ‘घरकाम’ एवढाच सांगितलेला असतो. तिची आठवण नीट करायची तर तिच्या हयातीत या भागातला दुधाचा व्यवहार कसा बदलला हे आधी पाहावे लागते. त्या बदलाचे कष्ट मुख्यतः तिने उपसले, आणि त्यातून येणारा पैसा मात्र तिच्या हातून निघून गेला.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळात, आणि पुढेही बरीच वर्षे, इथली गाय प्रामुख्याने बैलासाठी पाळली जात असे. कंधार भागातील लाल कंधारी तर शेतकामासाठीच नावाजलेली. देवणी मात्र दूध आणि ओढकाम या दोन्हींसाठी उपयोगी. घरच्या दुधाची भिस्त बहुधा म्हशीवर असे. दूध फारसे विकले जात नसे. त्याचे दही लागे, पहाटे रवीने ताक घुसळले जाई, लोणी कढवून तूप होई. ताक शेजारीपाजारी फुकट जाई. तूप मात्र विकले जाई आणि त्याचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या ताब्यात राही. मुलाची पाटी-पेन्सिल, लेकीच्या बाळंतपणाची तयारी, भावाच्या घरी न्यायचा आहेर हे सारे त्या पैशातून होत असे. हा पैसा मोठा नव्हता, पण तो तिला कुणाकडे मागावा लागत नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. भूम भागात दूध आटवून खवा करण्याचा धंदा वाढला आणि तिथे हे चित्र थोडे निराळे राहिले.

१९७२ च्या दुष्काळाने ही घडी मोडली. चाऱ्यापाण्यावाचून जनावरे मेली किंवा मातीमोल विकली गेली, आणि गोठा रिकामा झालेल्या बायका पाझर तलावांच्या व रस्त्यांच्या कामावर खडी फोडायला गेल्या. त्याच सुमारास देशात दुग्धविकासाची मोठी मोहीम चालू होती. ‘ऑपरेशन फ्लड’ १९७० मध्ये सुरू झाले होते आणि राज्य शासनही संकलन व शीतकरणाची यंत्रणा उभारत होते. मराठवाड्यातही शासकीय दूध योजना आल्या, उदगीरला दूध भुकटीचा प्रकल्प उभा राहिला, गावोगाव संस्था निघाल्या, कृत्रिम रेतनातून संकरित गाई गोठ्यात आल्या. पश्चिम महाराष्ट्राइतकी मजबूत सहकारी साखळी इथे कधीच उभी राहिली नाही आणि उदगीरचा प्रकल्पही पुढे बंद पडला. तरीही सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर घालायचे ही रीत मात्र कायमची रुजली.

घरात दुधाचे तूप होणे कमी झाले आणि त्याबरोबर बाईचा हातखर्चही आटला. आता दुधातले फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजून भाव ठरे, दहा दिवसांनी ‘दुधाचा पगार’ निघे; तो घ्यायला जाणारा बहुतेक वेळा पुरुष असे. या पगारावर घरे उभी राहिली, मुले शिकली, कर्जाचे हप्ते फिटले, आणि हे यश खरेच आहे. पण ते कोणाच्या कष्टावर आले हे पाहायचे तर गोठ्यातच जावे लागते. संकरित गाय जास्त दूध देते, तशी ती जास्त खाते, जास्त पाणी पिते आणि उन्हाला व आजाराला लवकर बळी पडते. पहाटे चारला उठून शेण काढणे, गव्हाण झाडणे, आंबोण (भिजवलेला खुराक) कालवणे, वासरू पाजून धार काढणे, दुपारी गवताचा भारा आणणे, संध्याकाळी पुन्हा धार. याखेरीज स्वयंपाक, लेकरे, सासू-सासऱ्यांचे दुखणे आणि सुगीतली मजुरी. गाय माजावर आली, सड दुखरा झाला, जनावराने रवंथ थांबवला, हे सर्वांत आधी तिच्याच लक्षात येई. डॉक्टर यायच्या आत अर्धे निदान तिने केलेले असे. या जाणकारीला आपण ‘सवय’ म्हणून मोकळे होतो, ते मला अन्यायाचे वाटते.

म्हशीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. पान्हा सुटणे, म्हणजे सडात दूध उतरणे, हे जनावराच्या शरीरातल्या एका संप्रेरकावर अवलंबून असते आणि परक्या हाताने जनावर बिचकले की पान्हा चोरते. त्यामुळे एका बाईच्या हाताची सवय झालेली म्हैस दुसऱ्याला धार देत नाही. घरधन्याने बायकोचे लुगडे नेसून धार काढल्याच्या हकिकती गावोगाव सांगतात आणि लोक त्यावर हसतात; पण त्याच कारणाने ती बाई पंचमीला माहेरी राहू शकली नाही, सख्ख्या भाच्याच्या लग्नातून संध्याकाळच्या धारेला परतली, आजारपणातही एक दिवस पडून राहिली नाही. तिच्या मुलांना आई घरातच असल्याचे आठवते, ते यामुळे.

१९९० नंतर लातूर-नांदेडकडे खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेत नेली आणि कडब्याच्या गंजी लहान झाल्या. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही, म्हणून वैरण विकत घेणे किंवा लांबून आणणे भाग पडले. त्यातले आणणे पुन्हा बाईच्याच डोक्यावर आले. बीड आणि धाराशिवकडे २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्या उघडल्या, तेव्हा कित्येक बायकांनी जनावरांबरोबर तिथेच मुक्काम केला. ताडपत्रीखाली चूल मांडली, आडोसा नसलेल्या जागी आंघोळीची सोय शोधली आणि गावातल्या घराकडेही पाहिले. छावणीच्या हिशोबात मोठी जनावरे किती, लहान किती, हे रोज लिहिले जाई. त्यांच्यामागे राबणाऱ्या बाईसाठी वेगळा रकाना नव्हता.

बाईचे नाव कागदावर यावे असे प्रयत्न अजिबात झाले नाहीत असे नाही. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन घेतले आणि नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची हाक दिली, मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनीही तिला प्रतिसाद दिला. पुढे बचत गटांमधून बायकांनी स्वतःच्या नावे कर्ज काढून म्हशी घेतल्या. २०२४ मध्ये शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले, त्यासाठी जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आणि दूध घालणाऱ्याचे बँक खाते जोडणे आवश्यक ठरवले. ज्या घरांत ते खाते धार काढणारीच्या नावाचे होते, तिथे हा पैसा थेट तिच्यापर्यंत पोहोचला; पण संस्थेच्या वहीतले जुने नाव बदलून घेतलेली अशी घरे अजून थोडीच आहेत.