पार्श्वभूमी : बुरशीच्या भिंतीतली साखर शरीर कसं ओळखतं

२०२१ च्या मे महिन्यात नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये म्युकरचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे रुग्ण वाढत होते. ॲम्फोटेरिसिन-बी या बुरशीविरोधी औषधाच्या एकेका इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरत होते; त्याच महिन्यात शेजारच्या वर्ध्यात या औषधाचं उत्पादन सुरू झालं. त्या काळात अनेकांच्या मनात एकच प्रश्न होता: शरीराला ही बुरशी ओळखताच येत नाही का?

बुरशीच्या पेशीभोवती प्रामुख्याने ग्लुकन, मॅनन आणि कायटिन यांची भिंत असते. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, त्यामुळे या शर्करा म्हणजे परकेपणाची खूण. ही खूण शरीर कशी वाचतं, याचा शोध यीस्टपासून सुरू झाला. क्लीव्हलँडमधले लुई पिलेमर यीस्ट या बुरशीच्या भिंतीपासून मिळणाऱ्या झायमोसान या पदार्थावर काम करत. १९५४ मध्ये त्यांनी मांडलं की अँटिबॉडी नसतानाही झायमोसानमुळे रक्तातली जंतूंवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांची ‘कॉम्प्लिमेंट’ यंत्रणा जागी होते आणि त्यात प्रॉपरडिन या प्रथिनाचा वाटा असतो. अनेक समकालीनांनी ते मानलं नाही. वाद सुरू असतानाच १९५७ मध्ये पिलेमर गेले. त्यांचं म्हणणं मूलतः बरोबर होतं हे सिद्ध व्हायला पुढे बरीच वर्षं लागली. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच आहे.

ही खूण पकडणारं पेशींवरचं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, सापडायला आणखी उशीर लागला. पेशीवरचा एक रिसेप्टर बनवणारं टोल जनुक बिघडलेल्या फळमाश्या ॲस्परजिलस या बुरशीच्या संसर्गाने मरतात, हे १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी बीटा-ग्लुकनला (भिंतीतल्या ग्लुकनचा एक प्रकार) धरणारा रिसेप्टर ओळखला: डेक्टिन-१. माणसातला पुरावा २००९ मध्ये आला. डेक्टिन-१ बिघडलेल्या एका कुटुंबात नखांचा आणि योनिमार्गाचा बुरशीसंसर्ग पुन्हा पुन्हा होत होता. डेक्टिन-१ चा संदेश पेशीच्या आत पोचवणारं कार्ड-९ हे प्रथिन बिघडलेल्या दुसऱ्या कुटुंबात संसर्ग जिवावर बेतला होता.

म्युकरची अडचण वेगळी आहे. त्याच्या भिंतीत बीटा-ग्लुकन फारच कमी आणि कायटिनपासून बनणारं कायटोसान भरपूर, त्यामुळे डेक्टिन-१ ला धरायला फारसं काही मिळत नाही. शिवाय अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांनी बुरशी मारणाऱ्या न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज पेशीच दुबळ्या होतात. मग ओळख पटली तरी मारा कमी पडतो. रक्तातली बीटा-ग्लुकन तपासणीही म्युकरमध्ये बहुधा निगेटिव्ह येते, म्हणून निदानासाठी नाक-सायनसमधला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.