कॅटमरानचा टॅक म्हणजे डिंगीचा टॅक नव्हे

२०२४ मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र सुरू झालं, तेव्हापासून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात शिडाची बोट घालायची म्हणून विचारणारे वाढलेत. प्रश्न वेगवेगळे, घोळ एकच. "एनसीसीत एंटरप्राइज चालवलीय, कॅटमरान म्हणजे तेच की, फक्त खाली दोन हल, म्हणजे दोन धडं." नाही हो, तेच नाही. वारा तोच, दोऱ्याही बहुतेक त्याच. टॅक, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे फिरवायचं वळण, मात्र वेगळं, आणि बोटीवर नवखी माणसं असली की सगळं तिथंच फसतं.

एंटरप्राइज ही डिंगी, म्हणजे एका हलाची छोटी शिडाची बोट; तिचं तुम्हाला ठाऊकच आहे. आरोळी द्यायची, सुकाणूचा दांडा ढकलायचा, बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, त्याखालून वाकून पलीकडे जायचं. मधलं सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून खाली सोडलेली फळी, खोल पाण्यात असतं, त्याच्याभोवती बोट गर्रकन फिरते.

आता होबी १६ ही कॅटमरान घ्या. पाच मीटर लांबी, वजन साधारण १४५ किलो, आणि सेंटरबोर्ड नाहीच. दोन लांब, अरुंद हल सरळ रेषेत पळायला बनवलेत, वळायला नाही. जुंपलेली बैलजोडी बांधाला वळवताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं, तसं बाहेरच्या हलाला लांबचा फेरा पडतो. अशा वेळी डिंगीच्या सवयीनं दांडा हिसकलात, तर दोन्ही सुकाणू पाण्यात आडवी होऊन ब्रेक लावतात. वेग मरतो, तोंड वाऱ्यात अडकतं आणि बोट मागं सरकायला लागते. मग "वारा पडला" म्हणायचं. वारा पडलेला नसतो, तुम्ही बोट थांबवलेली असते.

टॅकआधी वेग हवा. मुख्य शीड घट्ट ओढा. दांडा हळू ढकला, बोट वळेल तसा थोडा थोडा वाढवत न्या. आणि जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, सोडू नका! नवख्याच्या हातात बहुतेक जिबचीच दोरी असते, आणि तोंड वळायला लागलं की तो घाईनं ती सोडून पलीकडे पळतो. सांगून ठेवा: तुझ्या नावानं हाक मारल्याशिवाय दोरी सुटायची नाही. क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडणाऱ्या खाचेत, अडकलेल्या जिबवर उलट्या बाजूनं वारा भरतो आणि तोच तोंड ढकलून पलीकडे नेतो. तोंड वाऱ्यापलीकडे जाऊ लागलं की मुख्य शिडाची दोरी दोन-तीन फूट सैल करा, नाहीतर ते शीड बोटीला पुन्हा वाऱ्याकडे फिरवतं. तोंड पुरतं पलीकडे गेलं की मग जिब सोडायची, दुसऱ्या बाजूला ओढायची, आणि लगेच वाऱ्याला भिडायला न जाता आधी थोडा वेग धरू द्यायचा.

तरीही अडकलातच, तर मुख्य शीड मोकळं सोडा आणि बोट मागं जाऊ द्या. मागं जाताना सुकाणू उलटं चालतं: तोंड ज्या बाजूला न्यायचंय, दांडा त्याच बाजूला. जिब त्याच्या विरुद्ध बाजूला हातानं धरून ठेवा. डिंगीवाल्यांचा हात इथं हमखास चुकतो. वल्ही काढून पाणी कापत बसणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

तापोळा-बामणोलीकडे पाणी डोंगरांमधून चिंचोळं आत शिरतं, वारा दर वळणाला दिशा बदलतो. वाऱ्याविरुद्ध जायचं तर टॅक टाळता येत नाही. तरी जागा असेल आणि वारा मध्यम असेल, तर नवख्यांना घेऊन मी जाइब मारून, म्हणजे तोंडाऐवजी बोटीची पाठ वाऱ्यातून नेऊन, गोल फिरणंच पसंत करतो. थोडं मागं पडाल, पण अडकणार नाही. डिंगीत माणसं जाइबला भितात, बूम आदळते म्हणून. कॅटमरान रुंद असते आणि वाऱ्यासोबत वेगात पळते, त्यामुळं शिडावरचा जोर कमी जाणवतो. बूम मात्र खाली असते, डोकी वाकलेलीच ठेवा. भरवाऱ्यात हा सल्ला धरू नका.

"दोन हल, म्हणजे उलटत नाही" हाही एक लाडका गैरसमज. ती डिंगीसारखी आधी कलून इशारा देत नाही, इतकंच. मागून जोराचा वारा असला की हलांची टोकं पाण्यात रुततात, तेव्हा सगळ्यांनी मागं सरकायचं. उलटली की हलक्या माणसाला एकट्यानं सरळ होत नाही. उलटवून सराव करायचा तर धरणात करा, सांगलीच्या कृष्णेत नको. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत.

बोटीच्या जोडणीत डिंगीहून फार फरक नाही. डोलकाठीला धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तारांच्या पिनांना रिंगा घालून वर टेप गुंडाळा. डोलकाठी आठ मीटरची आणि बहुतेक ॲल्युमिनियमची, म्हणून ती उभी करण्याआधी वर बघा. किनाऱ्यावरून विजेची तार जात असेल तर बोट आधी लांब न्या, आणि काठी उभी असताना ट्रॉलीवरून ढकलत रस्ता ओलांडू नका.